कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं हाडवैर कोणतं, आणि ते ठरवायचं कशावर?

चौथा_डाउन:
मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे नियम आता बऱ्यापैकी अंगवळणी पडलेत. अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. नोव्हेंबर उजाडला की प्रत्येक चॅनल आपल्याकडच्या सामन्याला "देशातली सगळ्यात मोठी रायव्हलरी" म्हणून विकतं. मिशिगन-ओहायो स्टेट, अलाबामा-ऑबर्न, आर्मी-नेव्ही, टेक्सस-ओक्लाहोमा... सगळ्याच कशा सगळ्यात मोठ्या? जुनेपणावर ठरवायचं तर हार्वर्ड-येल १८७५ पासून भिडतायत, विषय संपला. पण तसं कोणी मानत नाही. मग चाहत्यांच्या लेखी मोठेपण ठरतं कशावर?

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. एकच सामना मैदानात जाऊन बघायचा तर कुठला, आणि जाताना काय सांभाळायचं?

"आमचाच भारी" असले प्रतिसाद नकोत, कारणं द्या.

स्कार्लेट_ग्रे:
नावावरून (ओहायो स्टेटचे रंग) माझी बाजू कळलीच असेल, तरी कारणं देतो.

कसोटी सोपी आहे. बाकी हंगाम कितीही झकास गेला तरी हा एक सामना हरल्यावर त्यात मिठाचा खडा पडतो का? आणि हंगामाची पार माती झालेली असताना हा एक जिंकला तर पुढचं वर्षभर ताठ मानेनं फिरता येतं का? दोन्हींचं उत्तर "हो" यायला हवं, आणि तेही दोन्ही बाजूंकडून. इथेच बहुतेक जोड्या गळतात, कारण एका बाजूला जे वैर वाटतं ते दुसरीला वेळापत्रकातला आणखी एक शनिवार वाटत असतो.

आता जॉन कूपर यांचं उदाहरण घ्या. १९८८ ते २००० ओहायो स्टेटचे मुख्य प्रशिक्षक. एकूण १११ विजय, ४३ पराभव, ४ बरोबरी. दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात पुतळा उभा राहिला असता. पण मिशिगनविरुद्ध २ विजय, १० पराभव, १ बरोबरी. आणि पराभव तरी कसे? १९९३ मध्ये एकही सामना न हरता मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरला गेले, २८-० नं आपटले. १९९५ मध्ये ११-० असताना ३१-२३ हरले. मिशिगनचा टिम बियाकाबुटुका एकटा ३१३ यार्ड धावला. १९९६ मध्ये १०-० असताना, तेही घरच्या मैदानावर, १३-९. २००० च्या हंगामानंतर त्यांना काढलं. कारणं आणखीही होती, पण ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात आजही कोणालाही विचारा, आधी हाच २-१०-१ आकडा सांगतील.

त्यांच्या जागी आलेले जिम ट्रेसल जानेवारी २००१ मध्ये बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात माइक घेऊन उभे राहिले आणि ॲन आर्बरच्या सामन्याला ३१० दिवस उरलेत, तिथे तुम्हाला आपल्या पोरांचा अभिमान वाटेल, असं सांगून मोकळे झाले. नोकरी लागल्याच्या दिवशीच माणूस दिवस मोजत होता. तो सामना २६-२० जिंकला आणि पुढे जवळजवळ दरवर्षी जिंकत राहिले.

दुसरी गोष्ट तारखेची. १९३५ पासून मोजके अपवाद सोडले तर हा सामना दोघांच्याही नियमित हंगामाचा शेवटचा असतो. त्यामुळे हरलात तर पुढच्या शनिवारी भरपाई करायची सोय नाही. त्यात १९७५ पर्यंत बिग टेन या कॉन्फरन्समधून (विद्यापीठांच्या साखळी गटातून) एकच संघ हंगामानंतरच्या बोल सामन्याला जायचा. १९७३ मध्ये दोघंही अपराजित, सामना १०-१० बरोबरीत सुटला, आणि रोझ बोलला कोण जाणार याचा निर्णय कॉन्फरन्सच्या क्रीडा संचालकांनी मत देऊन केला. गेलं ओहायो स्टेट. मिशिगन एकही सामना न हरता घरी बसलं. तो राग अजून शमलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी आम्ही असतो तर आमचाही शमला नसता.

मुळात भांडण फुटबॉलच्याही आधीचं. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि मिशिगन प्रदेश दोघांनी आपापले सैनिक सीमेवर आणले होते. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला बदल्यात वरचा द्वीपकल्प आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. सामना सुरू झाला १८९७ मध्ये, म्हणजे कुरापत आधीपासून तयारच होती.

टूमर_कॉर्नर:
कसोटी मान्य. पण एक गोष्ट सुटली: रोजचा शेजार. कोलंबस आणि ॲन आर्बर यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे आणि गाडीनं तीन-एक तासांचा रस्ता. हरल्यावर आपापल्या राज्यात तोंड लपवता येतं. अलाबामा-ऑबर्नला ती सोय नाही. एकच राज्य, त्यात एनएफएल, एनबीए किंवा मोठ्या लीगचा बेसबॉल यांपैकी एकाही व्यावसायिक खेळाचा संघ नाही, म्हणजे राज्याचा सगळा जीव या दोन विद्यापीठांत वाटला गेलेला. दोन्हींचे चाहते एकाच कचेरीत, एकाच चर्चमध्ये, एकाच घरात. नवरा एकीकडचा, बायको दुसरीकडची. गाडीच्या नंबरप्लेटवर अर्धं अर्धं बोधचिन्ह लावून फिरतात. सोमवारी हरलेल्याला त्याच माणसाशेजारी बसून डबा खायचा असतो.

आयर्न बोल, म्हणजे हाच अलाबामा-ऑबर्न सामना, पहिल्यांदा १८९३ मध्ये झाला. १९०७ नंतर खर्चाच्या भत्त्यावरून आणि पंच कुठून आणायचे यावरून असं बिनसलं की ४१ वर्षं हे दोघे खेळलेच नाहीत. १९४८ मध्ये पुन्हा सुरू, अलाबामा ५५-०. तेव्हापासून १९८८ पर्यंत सगळे सामने बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर. कागदावर ते तटस्थ मैदान, पण अलाबामा आपले बरेच घरचे सामनेही तिथेच खेळायचं, त्यामुळे ऑबर्नवाल्यांच्या दृष्टीनं "तटस्थ" हा शब्दच थट्टा होती. २ डिसेंबर १९८९ ला सामना पहिल्यांदा ऑबर्नच्या जॉर्डन-हेअर स्टेडियमवर आला आणि ऑबर्न ३०-२० जिंकलं. तिथल्या जुन्या लोकांना तो विजय कुठल्याही करंडकापेक्षा मोठा वाटतो.

आणि किक सिक्स? त्याच्या तोडीचा शेवट दाखवा कोणीतरी.

चौथा_डाउन:
किक सिक्सची क्लिप अनेकदा पाहिलीय. एक कळत नाही: मैदानावर अलाबामाचे अकरा जण होते, मग चेंडू घेऊन पळणाऱ्याला कोणी धरला कसा नाही?

टूमर_कॉर्नर:
चांगला प्रश्न. उत्तर त्या अकरा जणांत कोण होतं, यात आहे.

३० नोव्हेंबर २०१३. अलाबामा पहिल्या क्रमांकावर, ऑबर्न चौथ्या. २८-२८. घड्याळ शून्यावर आलेलं, पण प्रशिक्षक निक सेबन यांच्या आग्रहामुळे पंचांनी रिप्ले पाहिला आणि १ सेकंद परत दिला. पर्याय दोन. एक, लांब पास हवेत सोडून द्यायचा. दोन, ५७ यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे लाथेनं चेंडू गोलखांबांमधून मारायचा. अलाबामाचे त्या दिवशी तीन फील्ड गोल आधीच वाया गेले होते, म्हणून नेहमीचा किकर बाजूला ठेवून ॲडम ग्रिफिथला पाठवलं.

नियम असा की फील्ड गोल कमी पडला आणि चेंडू हद्दीबाहेर न जाता बचाव करणाऱ्याच्या हातात आला, तर चेंडू जिवंत असतो. ऑबर्ननं वेळ मागून ख्रिस डेव्हिसला थेट गोलखांबांखाली, एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवायच्या पट्ट्याच्या) मागच्या रेषेजवळ उभं केलं. तो मुळात पंट (चेंडू सोडून देताना समोरच्याकडे मारलेली लांब किक) परत आणणाराच.

आता अलाबामाची बाजू बघा. फील्ड गोलच्या वेळी मैदानावर असतात ते किकला आडवं येणाऱ्यांना थोपवणारे धिप्पाड लाइनमन. शिवाय किकर, चेंडू धरून बसणारा आणि चेंडू मागे फेकणारा. हे सगळे खांद्याला खांदा लावून मधोमध उभे असतात, कारण त्यांचं काम किक अडू न देणं. पंटच्या वेळी जसे दोन वेगवान खेळाडू कडेनं पुढे पळत जातात, तसे इथे कोणी नसतात. किक झाल्यावर पसरायचं असतं, पण बहुतेक जण आधी चेंडू कुठे जातोय ते बघत राहिले. डेव्हिस डावीकडे वळला, साइडलाइनला पाय जेमतेम आत ठेवला, पुढे त्याच्याच संघाच्या लोकांची भिंत तयार झाली. १०९ यार्ड पळाला. अधिकृत आकडेवारीत १००च धरतात, कारण एंड झोनमधले यार्ड मोजत नाहीत. सहा गुण, ३४-२८.

थोडक्यात, चूक किक मारण्यात नव्हती. किक परत येऊ शकते हे गृहीत धरून मैदानावर माणसं ठेवली नव्हती, तिथे घोळ झाला. आज कुठलाही संघ शेवटच्या सेकंदाला इतकी लांब किक घेतो तेव्हा पसरायची सूचना आधी देतो, ती या एका सामन्याची देणगी.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर पक्षपाती म्हणाल. २०२३, पुन्हा जॉर्डन-हेअर. ऑबर्न २४-२० नं पुढे असताना पंट झेलताना त्यांच्या हातून चेंडू निसटला आणि अलाबामाला परत मिळाला. पुढे चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, एंड झोन ३१ यार्ड लांब. जेलन मिल्रोला पास फेकायला हवा तेवढा वेळ मिळाला, कारण ऑबर्ननं दबाव टाकायला माणसं जवळजवळ पाठवलीच नाहीत. कोपऱ्यात आयझेया बाँडनं झेल घेतला, ३२ सेकंद बाकी, २७-२४. बचावाला जास्त माणसं मागे ठेवली की सुरक्षित वाटतं, पण फेकणाऱ्याला वेळ मिळाला की इतका मोठा एंड झोन झाकून होत नाही.

पंट_करा_राव:
दोन्ही प्रतिसाद वाचले. तुम्ही दोघंही द्वेष मोजताय.

आर्मी-नेव्ही बघा, लष्कराची आणि नौदलाची अकादमी. १८९० पासून. खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणी एनएफएलला जाणार नाही, पदवीनंतर नोकरी सैन्यात. सामना बहुतेक वेळा फिलाडेल्फियात, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, त्या दिवशी मोठ्या कॉलेज फुटबॉलमध्ये दुसरं फारसं काही नसतं. सामन्याआधी दोन्ही अकादम्यांचे हजारो कॅडेट संचलन करत मैदानात येतात. एकमेकांच्या अकादमीत सत्रभर शिकायला गेलेल्यांची "कैद्यांची अदलाबदल" होते. आणि शेवटी दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून त्यांचं गीत म्हणतात, मग जिंकलेल्यांचं. म्हणून वर्षभर घोषणा असते ती दुसऱ्यांदा गाण्याची.

२००२ ते २०१५ सलग १४ वर्षं नेव्ही जिंकलं. दुसरी कुठली जोडी असती तर लोकांनी पाठ फिरवली असती. इथे मैदान भरतच राहिलं. चुरस आटली तरी जे टिकतं ते मोठं, असं माझं मत.

(आणि जुनेपणाचंच म्हणाल तर पेनसिल्व्हेनियातले लीहाय आणि लफायेट. १८८४ पासून सुरू, देशात सर्वाधिक वेळा झालेला सामना. २०१४ मध्ये दीडशेवा झाला, तोही न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये. गावाबाहेर फारसं कोणाला माहीत नाही, त्यांचं काही अडत नाही.)

स्कार्लेट_ग्रे:
@पंट_करा_राव, आर्मी-नेव्हीबद्दल आदर आहेच, पण तो सोहळा आहे. देशभरातले लोक तो बघतात आणि दोघांसाठीही टाळ्या वाजवतात. जिथे समोरच्यासाठी टाळी वाजते तिथे वैर कसलं? सामन्याच्या आठवड्यात आमच्याकडे विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक "एम" अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात. मिशिगनला हरवलं की खेळाडूंना सोन्याच्या विजारीचं छोटं पदक मिळतं, १९३४ पासूनची प्रथा.

आकडेमोड:
सगळे मोठेपणाबद्दल बोलतायत, मी वैर मोडण्याबद्दल बोलतो, कारण गेल्या पंधरा वर्षांत तेच जास्त झालंय.

पहिलं कारण कॉन्फरन्सची फेरमांडणी, आणि तिच्या मुळाशी टीव्हीचा पैसा. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम १८९४ पासून खेळत होते. ए अँड एम २०१२ मध्ये एसईसीत (दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या कॉन्फरन्समध्ये) गेलं आणि २०११ नंतर सामना बंद. बारा हंगाम कोरडे. २०२४ मध्ये टेक्सस एसईसीत आलं तेव्हा पुन्हा सुरू झाला, टेक्सस १७-७. त्याच उलाढालीत ओक्लाहोमा एसईसीत गेलं आणि ओक्लाहोमा स्टेटशी होणारा बेडलम २०२३ नंतर थांबला. कॅन्सस-मिसुरी हे तर गुलामगिरीवरून झालेल्या सीमेवरच्या रक्तपातातून आलेलं वैर. तेही २०११ नंतर थंडावलं, थेट २०२५ मध्ये परत आलं. यात गंमत अशी की तुटल्यावरही चाहते एकमेकांना शिव्या घालत राहतात. ए अँड एमच्या गाण्यात टेक्ससचा उद्धार त्या बारा वर्षांतही चालूच होता. पण नव्या विद्यार्थ्यांना तो कशासाठी हे फक्त ऐकून माहीत. सामना न बघताच पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तीन-चार तुकड्या झाल्या की वैराचं दंतकथेत रूपांतर होतं.

दुसरं, प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी. स्कार्लेट_ग्रे यांच्या कसोटीचा खरा कस इथे लागतो. ३० नोव्हेंबर २०२४, कोलंबस. ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगन सहा विजय-पाच पराभव असं रडतखडत आलेलं. मिशिगन १३-१० जिंकलं. पण प्लेऑफ त्याच वर्षी बारा संघांचं झालं होतं, त्यामुळे ओहायो स्टेटला जागा मिळाली, आणि टेनेसी, ओरेगन, टेक्सस, नोत्र दाम अशा चौघांना हरवून ते जानेवारीत राष्ट्रीय विजेते झाले. आता सांगा, हंगाम नासला का?

तिसरं, एकतर्फीपणा. माझा ठोकताळा असा: दहा वर्षांत दुबळ्या बाजूनं निदान तीनदा जिंकावं, आणि त्यातला एक विजय समोरच्याचं काहीतरी मोठं हिसकावून घेणारा असावा. १९६९ चं बघा. ओहायो स्टेट सलग २२ विजय मिळवून आलेलं, मिशिगनचे बो शेम्बेक्लर पहिल्याच वर्षाचे, आणि तेही ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांच्याच हाताखाली तयार झालेले. २४-१२. त्यातून जे दहा वर्षांचं युद्ध सुरू झालं त्याचा हिशेब मिशिगन ५, ओहायो स्टेट ४, बरोबरी १. यापेक्षा चांगली वाटणी ठरवूनही करता येणार नाही.

चौथं, खेळाडूच बदलतात. ट्रान्सफर पोर्टलमुळे (विद्यापीठ बदलायची सोय) आणि २०२१ पासून जाहिरातींतल्या नाव-प्रतिमेचे पैसे अधिकृतपणे मिळू लागल्यामुळे चार वर्षं एकाच जर्सीत घाम गाळलेला मुलगा दुर्मीळ झालाय. चाहत्याचं वैर पिढीजात, खेळाडूचं वर्षभराच्या करारापुरतं. अर्थात २०२४ च्या त्या सामन्यानंतर मिशिगननं मैदानाच्या मधोमध झेंडा रोवण्यावरून जी हाणामारी झाली, पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड बसला, ती पाहता खेळाडूंना काहीच वाटत नाही असंही म्हणवत नाही.

स्कार्लेट_ग्रे:
@आकडेमोड, नासला नाही, पण डाग राहिला. विजेतेपदाच्या मिरवणुकीतही "पण मिशिगन..." हे वाक्य होतंच. आणि मिशिगनवाल्यांना विचारा, ७-५ च्या हंगामाचे त्यांनी टी-शर्ट छापले. कसोटी पास.

टूमर_कॉर्नर:
वैर कुठे थांबावं याचंही एक उदाहरण नोंदवून ठेवतो. ऑबर्न जिंकलं की टूमर्स कॉर्नरच्या ओक झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकून जल्लोष करतात. २०१० च्या आयर्न बोलमध्ये ऑबर्ननं २४-० ची पिछाडी भरून २८-२७ विजय मिळवला, त्यानंतर एका अलाबामा चाहत्यानं झाडांच्या मुळाशी जबरदस्त तणनाशक ओतलं आणि रेडिओवर फोन करून स्वतःच सांगितलं. तुरुंगात गेला. झाडं २०१३ मध्ये काढावी लागली, कारण ते औषध मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आजूबाजूची मातीही खणून बदलावी लागली. झाडं वाचवण्यासाठी वर्गणी देणाऱ्यांत अलाबामाचेही पुष्कळ चाहते होते.

चौथा_डाउन:
भरपूर खाद्य मिळालं, धन्यवाद. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला "आव्वाज कुणाचा" म्हणून घसा बसवलेल्यांना हे वातावरण अगदीच परकं वाटणार नाही, फक्त इथे एक लाख घसे. आता प्रत्यक्ष जाण्याचं कोणी सांगेल का?

थर्मल_घाला:
सांगते. पहिल्यांदाच जात असाल आणि कुठल्याच बाजूचे नसाल तर मिशिगन-ओहायो किंवा आयर्न बोलला जाऊ नका, डॅलसला जा. टेक्सस-ओक्लाहोमा ऑक्टोबरमध्ये कॉटन बोल स्टेडियमवर होतो, टेक्ससच्या राज्य जत्रेच्या आवारात. तिकिटं निम्मी-निम्मी वाटलेली असतात आणि ५० यार्डाच्या रेषेवर स्टेडियम सरळ दुभंगतं: अर्धं केशरी, अर्धं लाल. चेंडू कुठल्याही बाजूला गेला तरी अर्धं स्टेडियम उसळतं आणि अर्धं गप्प. सामन्याच्या तिकिटात जत्रेचा प्रवेशही येतो. हवा सोसवणारी. तिकीट घेताना भाग कुठला ते नीट बघा. रेषेलगतच्या जागा सगळ्यात मजेच्या, आणि चुकीच्या रंगाचा शर्ट घालून भलत्या अर्ध्यात बसलात तर दिवसभर टोमणे.

नोव्हेंबरातलाच हवा असेल तर लक्षात ठेवा: मिशिगन-ओहायो सम वर्षी कोलंबसला, विषम वर्षी ॲन आर्बरला. आयर्न बोल सम वर्षी टस्कलूसा (अलाबामाचं गाव), विषम वर्षी ऑबर्न. थँक्सगिव्हिंगचा आठवडा असल्यामुळे विमान आणि हॉटेल दोन्ही महाग. हॉटेल ऑगस्टच्या आत, तेही रद्द करता येईल असंच घ्या. छोट्या गावांत त्या शनिवार-रविवारी दोन रात्रींची सक्ती असते. ऑबर्नमध्ये खोली नाही मिळाली तर माँटगोमेरी किंवा कोलंबस बघा, पण हे कोलंबस जॉर्जियातलं! बुकिंग करताना राज्य तपासा.

तिकीट मोबाइलवरच येतं. ते घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. लाखभर माणसं एका जागी जमली की नेटवर्क बसतं आणि गेटवर नुसतं चक्र फिरत राहतं. स्क्रीनशॉट बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण बारकोड सतत बदलतो. पिशवी न नेणं उत्तम. नेलीच तर बहुतेक मैदानांत पारदर्शक, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची. काही ठिकाणी नियम आणखी कडक असतात, आदल्या दिवशी वेबसाइट बघा. एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत घेत नाहीत, त्यामुळे मध्यंतरात गाडीतून जॅकेट आणू वगैरे विसरा.

थंडी. मिशिगन स्टेडियममध्ये १,०७,६०१ लोक मावतात, ओहायो स्टेडियममध्ये १,०२,७८०. बहुतेक जागा लांबलचक ॲल्युमिनियमच्या बाकांच्या. गारवा वरून कमी आणि खालून जास्त लागतो. बसायला फोमची चकती, आणि पायाखाली खोक्याचा जाड पुठ्ठा. पुठ्ठ्याला हसू नका, काँक्रीटवर साडेतीन तास उभं राहिल्यावर दोन मोज्यांच्या जोड्यांपेक्षा तोच उपयोगी पडतो. मोजे दोन घातलेत आणि बूट घट्ट झाला तर रक्त खेळत नाही, पाय उलट लवकर गारठतात. आतून थर्मल, मध्ये लोकर, वर वाऱ्याला अडवणारं. सुती टी-शर्ट आत घालू नका, चालून घाम आला की तोच ओला राहून हुडहुडी भरते.

किक-ऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) २५ मिनिटं आधी जागेवर असा. कोलंबसला बँड चालत चालत "ओहायो" शब्द काढतो आणि सूझाफोन (अंगाभोवती घ्यायचं मोठं पितळी वाद्य) वाजवणारा शेवटी "आय" वरचा टिंब होऊन उभा राहतो, ते चुकलं तर निम्मे पैसे वाया.

चौथा_डाउन:
आणि भारतातून घरचे टीव्हीवर बघणार असतील तर?

थर्मल_घाला:
मिशिगन-ओहायो पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं दुपारी १२ ला असतो, म्हणजे भारतात रात्री साडेदहा. जेवण आटोपून बसता येतं, संपेपर्यंत दोन वाजतात. आयर्न बोल साडेतीनला असला तर तिकडे रात्रीचे दोन, आणि आर्मी-नेव्ही तीनला असला तर दीड. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेलेली असतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या सामन्यांचा हिशेब लावून बसलात तर तासभर आधीच जागे व्हाल.